काईटबोर्डिंग शिकताय? जवळचं धरण असं पारखा

काईटबोर्डिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून सरकण्याच्या खेळाचं वेड लागलेला प्रत्येक पुणेकर किंवा नाशिककर पहिल्याच महिन्यात एक प्रश्न विचारतो: "एवढी धरणं आहेत आपल्याकडे, मग रामेश्वरमपर्यंत कशाला जायचं?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. धरणं पुष्कळ आहेत, नवशिक्याला झेपतील अशी फार थोडी. त्यातही जी नजरेत भरतात, म्हणजे भोवती किल्ले, गर्द झाडी, कॅम्पिंगचे तंबू, तीच या खेळाला बहुधा सगळ्यांत वाईट. कामाचं धरण साधारणपणे सपाट, उघडंबोडकं आणि फोटो काढावासा वाटू नये असं असतं. ते कसं हुडकायचं ते पायरीपायरीने सांगतो.

त्याआधी एक अट. हा लेख ज्यांनी मूलभूत कोर्स केला आहे त्यांच्यासाठी आहे. काईट हवेत स्थिर ठेवणं, बॉडी ड्रॅग (बोर्डशिवाय काईटच्या ओढीने पाण्यातून सरकणं), क्विक रिलीज ओढणं (काईटची ओढ क्षणात सोडवणारी कळ), पाण्यात पडलेली काईट पुन्हा उचलणं आणि भर पाण्यात काईट गुंडाळून तिच्याच आधाराने काठाला येणं, म्हणजे सेल्फ रेस्क्यू, एवढं प्रशिक्षकासमोर जमलेलं असावं. त्यासाठी रामेश्वरमच्या परिसरातलं उथळ, सपाट पाणी उत्तम. तिथे उन्हाळा-पावसाळ्यात नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा असे वाऱ्याचे दोन हंगाम मिळतात. गोव्यात मोरजी-आश्वे-हरमलच्या किनाऱ्यावर हिवाळा सरताना दुपारचा हलका वारा असतो. धरणावर शिकवायला कोणी नसतं आणि वाचवायलाही कोणी नसतं. त्यामुळे धरण हे सरावाचं ठिकाण समजा, पहिल्या धड्याचं नव्हे.

पायरी १: वारा कधी आणि कुठून येतो ते आधी ठरवा

नवशिक्याला साधारण १२ ते १८ नॉट वारा लागतो, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर. त्याखाली काईट पाण्यात पडली की उठत नाही. त्यावर गेलं की ती तुम्हाला नेईल तिकडे जावं लागतं. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विसरू नका. १२ नॉटचा वारा १७ झाला तर आकडा पाचनेच वाढला, पण हातातली ओढ दुप्पट झाली.

आता आपलं कॅलेंडर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरणं तुडुंब किंवा बरीच भरलेली, पाणी देखणं, आकाश निरभ्र आणि वारा जवळपास नाही. असलाच तर पूर्वेचा, मंद, सकाळी थोडा वेळ. या दिवसांत काईट घेऊन गेलेली मंडळी शेवटी मिसळ खाऊन परततात.

मार्चअखेरीपासून गणित बदलतं. पठार तापतं, त्यावरची हवा वर उठते आणि शाळेच्या भूगोलातले खारे वारे घाट चढून आत येतात. घाटमाथ्याजवळ ते दुपारी लागतात, पुण्याच्या आसपास उशिरा दुपारी किंवा संध्याकाळी. पूर्वेकडे जावं तसे ते उशिरा येतात आणि मंदावतात. मेच्या उत्तरार्धात मात्र पश्चिमेचा वारा पठारभर जोर धरू लागतो. मान्सूनचा पाऊस नीट सुरू होईपर्यंतचे हे तीन-चार आठवडे माझ्या मते आपल्याकडचा खरा हंगाम. नंतर जून-जुलैत वारा भरपूर असतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण तेव्हा पाऊस, ढगांखालचे अचानक झोत आणि धरणातून सोडलेलं पाणी हे सगळं सोबत येतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि पवनचक्की दिसली म्हणून शेजारचं तळं वाऱ्याचं, असंही समजू नका. ती डोंगरमाथ्यावर आणि उंच खांबावर फिरत असते. तुमची काईट फार तर वीस-बावीस मीटरवर, आणि तीही खाली खोऱ्यात.

विंडी, विंडगुरू ही ॲप जरूर बघा, पण त्यांच्यामागची गणिती मॉडेलं किती ढोबळ आहेत ते लक्षात घ्या. जगातल्या नावाजलेल्या युरोपीय मॉडेलचा एक चौकोनही साधारण ९ किलोमीटरचा. तेवढ्यात तिकोना, तुंग आणि मधलं सगळं पवना धरण एकाच सरासरीत मिसळून जातं. ॲपवरून दिवस ठरवा, जागा ठरवू नका.

पायरी २: वारा जिकडे जातो तो काठ बघा

इथे थोडं थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. आपण तळ्यावर जातो तेव्हा जिथे गाडी पोचते तो काठ बघतो. काईटवाल्याने आधी बघायचा तो वाऱ्याखालचा काठ, म्हणजे वारा तुम्हाला शेवटी जिथे नेऊन सोडणार तो. नवशिक्याला वाऱ्याच्या उलट दिशेला चढत जाणं जमत नसतं. बोर्डवर उभं राहण्याच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात तो पंचवीस-पन्नास मीटर खाली वाहतो. तासाभरात किलोमीटरभर अंतर सहज जातं. तेव्हा प्रश्न असा की त्या टोकाला काय आहे? उतरता मोकळा काठ आणि परत चालत यायला वाट, की कातळ, काटेरी तारा आणि विजेचे खांब?

समुद्रावर वारा किनाऱ्याकडे तिरपा येत असला की बरं, कारण काहीही झालं तरी तुम्ही जमिनीला लागता. तळ्यावर मात्र एका काठावरून सुटणारा वारा समोरच्या काठावर धडकतो. ज्या काठावर तुम्ही उभे आहात तिथून वारा पाण्याकडे जात असेल, तर पाठीमागच्या झाडाझुडपांनी तो आधीच विस्कटलेला असतो आणि तुमची रवानगी थेट पलीकडे. त्यामुळे शोधायचा तो काठ वाऱ्याला समांतर जाणारा हवा, आणि त्याच्या खालच्या टोकाला जमीन कोपरासारखी वळून पाण्यात आलेली हवी. त्या कोपरात तुम्ही आपोआप अडकता. पश्चिमेच्या वाऱ्यासाठी याचा अर्थ उत्तर किंवा दक्षिण काठ आणि पूर्वेला आडवी आलेली सोंड.

आता आपल्या धरणांची एक खास गोम. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या भीमा, कृष्णा, गोदावरी आणि त्यांच्या बहुतेक उपनद्या पूर्वेकडे वाहतात. साहजिकच भिंत जलाशयाच्या पूर्वेच्या अंगाला असते. पवना, उजनी, पैठणचं जायकवाडी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. आणि हंगामातला वारा पश्चिमेचा. म्हणजे तुमच्या हातून काहीही सुटलं तर वारा तुम्हाला भिंतीकडे आणि सांडव्याकडे ढकलणार. भिंतीचा परिसर प्रतिबंधित असतो हा कायद्याचा भाग झाला, पण तिथे पोचणं जिवाशीही खेळ आहे. म्हणून भिंतीपासून लांब, जलाशयाच्या मधल्या किंवा वरच्या भागात जागा बघा, आणि तुमच्या व भिंतीच्या मध्ये जमिनीची निदान एक ठळक सोंड असू द्या. ती नसेल तर बाकी सगळं छान असलं तरी ती जागा यादीतून काढा.

नकाशावर हे घरबसल्या होतं. उपग्रहाचं चित्र उघडा, पश्चिमेकडून एक रेघ ओढा, ती पाण्यावरून किमान दीड किलोमीटर सलग जाते का बघा, आणि जिथे संपते तिथे झूम करा. दहातली सहा-सात ठिकाणं इथेच बाद होतील.

पायरी ३: डोंगर आणि झाडं

कुठल्याही अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या किमान दहापट अंतरापर्यंत वारा गोंधळलेला असतो. दहा मीटरची निलगिरीची रांग म्हणजे शंभर मीटर पाणी वाया. दोन-तीनशे मीटरचा डोंगर असेल तर हिशेब तुम्हीच करा. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोन्याच्या मधलं पवनेचं पाणी डोळ्यांचं पारणं फेडतं, पण तिथला पश्चिमेचा वारा डोंगरांवरून कोलमडत खाली येतो. एका मिनिटाला आठ नॉट, पुढच्या मिनिटाला बावीस. मुळशीचंही तेच, शिवाय तो जलाशय टाटा पॉवरचा आहे.

म्हणून घाटाला चिकटलेली धरणं सोडून थोडं पूर्वेला सरका. फार पूर्वेला गेलात तर खारे वारे पोचेपर्यंत दिवस मावळतो. घाटापासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात, जिथे डोंगर मागे पडलेले असतात पण वाऱ्यात अजून दम असतो, तिथे शोध सुरू करावा असं माझं मत आहे. पुणे-सातारा सीमेवरचं नीरा नदीवरचं वीर धरण तपासायला घेण्यासारखं. त्याहून पूर्वेला उजनीचा पसारा. तिथे मेच्या शेवटच्या आठवड्यांवर भिस्त ठेवावी लागेल.

पायरी ४: पाण्याखाली काय आहे

नवशिक्याला छातीइतकं पाणी हवं. बोर्ड सुटला, काईट पडली तरी पाय टेकतात आणि माणूस शांत राहतो. ऑस्ट्रिया-हंगेरी सीमेवरचं नॉयझीडलर से हे तळं युरोपातल्या नवशिक्यांत लोकप्रिय आहे ते याचसाठी. लांबी ३६ किलोमीटर आणि सगळ्यांत खोल जागी सुमारे १.८ मीटर. आपल्याकडचं धरण म्हणजे बुडालेलं खोरं. काठावर गुडघाभर, दहा पावलांवर कंबरभर आणि मग नदीचं जुनं पात्र लागलं की एकदम अथांग.

आणि खोऱ्याबरोबर गावंही बुडालेली आहेत. उजनीत पळसदेवचं पळसनाथ मंदिर पाणी ओसरलं की वर येतं. पवनेतलं वाघेश्वराचं देऊळही उन्हाळ्यात दिसू लागतं. देवळाचं शिखर निदान दिसतं तरी. दिसत नाहीत त्या पडक्या भिंती, बांध, बाभळीचे बुंधे आणि जुन्या विहिरी. पाण्याखाली जेमतेम बुडालेल्या बुंध्यावर बोर्डचा फिन (खालचं पातं) आदळला की माणूस पुढे फेकला जातो. विहीर तर चालता चालता गाठते.

यावर एक नामी उपाय आहे. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघण्याची सोय आहे. तुमच्या जागेची २०१६ किंवा २०१९ च्या मे महिन्याची चित्रं मिळतात का ते शोधा. दुष्काळाची वर्षं ती. आज जिथे पाणी दिसतं तिथला तळ त्या चित्रांत कोरडा पडलेला असेल. पाऊलवाटा, विहिरींचे गोल, घरांचे चौथरे, झाडांचे ठिपके स्पष्ट दिसतात. त्यावर तुमच्या काठाची जागा आखून घ्या. हे अर्ध्या तासाचं काम पाणबुड्यालाही जमणार नाही इतकी माहिती देतं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की दुसरी अडचण उघडी पडते, ती म्हणजे गाळ. काळ्या मातीचा ओला काठ वरून कडक दिसतो आणि पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत आत. अशा ठिकाणी काईट लॉन्च करणं अशक्य, कारण गरज पडली तर तुम्हाला दोन पावलं झटकन सरकता आलं पाहिजे. मुरमाड किंवा वाळूचा उतार शोधा. गाळपेराची शेती चालू असेल तर त्या रानातून चालूसुद्धा नका. पीक आहे ते कुणाचं तरी.

सगळ्यांत दुर्लक्षित धोका विजेचा. पाणी मागे सरकेल तसे शेतकरी पंप, पाइप आणि केबल पुढे नेत राहतात. उजनीच्या काठाने हे सर्रास दिसेल. कुठे तरंगती मोटार, कुठे जोड दिलेली केबल ओल्या मातीवरून गेलेली. मोटारींच्या ओळीच्या आसपास पाण्यात उतरू नका. आणि मान वर करून तारा बघा. काईटच्या दोऱ्या वीस ते चोवीस मीटर लांब असतात, ओल्या असतात. ज्या काठावरून किंवा पाण्यावरून विजेच्या तारा गेल्या आहेत ती जागा कायमची बाद.

जलपर्णी, मासेमारीची जाळी आणि मगरी ही उरलेली यादी. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते. सकाळी स्वच्छ दिसलेला कोपरा दुपारी हिरवा झालेला असतो, नेमका वाऱ्याखालचाच. मगरींसाठी पवईचं नाव घेतलं की पुरे. शिवाय भोवती उंच इमारती. मुंबईकरांनी तो विचार सोडून द्यावा.

पायरी ५: परवानगी

हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बहुतेक धरणं जलसंपदा विभागाची. जवळच्या पाटबंधारे शाखा कार्यालयात जाऊन शाखा अभियंत्यांना भेटा, इंजिन नसलेला जलक्रीडेचा प्रकार आहे हे सांगा, काईटचा फोटो दाखवा आणि लेखी अर्ज द्या. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्यालाही कल्पना द्या. नाहीतर आकाशात लाल-पिवळं काहीतरी बघून कुणीतरी फोन करणारच.

काही ठिकाणी अर्जही करू नका. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि अफाट आहे, कागदावर तर स्वप्नवत, पण ते जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत. लोणारवर काईट उडवायचं मनात आलंच कसं, असं विचारू नका, लोक विचारतात. खडकवासल्याला एका काठावर एनडीए आणि दुसऱ्यावर सिंहगड रस्त्याची कणसं-भज्यांची गर्दी. शिवाय ते शहराचं पिण्याचं पाणी. उजनीवर भिगवणच्या बाजूला फ्लेमिंगो आहेत तोवर तिकडे काईट नकोच. ते उडून जातात आणि मग गावातले नावाडी, ज्यांचं पोट त्या पाहुण्यांवर आहे, तुम्हाला कधीच जवळ करत नाहीत.

पायरी ६: एक दुपार, काईट घरी ठेवून

नकाशावर टिकलेल्या दोन-तीन जागांना एकेक दुपार द्या. काईट मुद्दाम नेऊ नका, नेली की मोह होतो. हातातला वारामापक न्या. तीन ते सहा दर दहा मिनिटांनी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग लिहून काढा. माझा ढोबळ नियम असा: सर्वांत जास्त आकडा सर्वांत कमी आकड्याच्या दीडपटीच्या आत असेल तर जागा चांगली. दुपटीच्या पुढे गेला तर नवशिक्यासाठी नाही, सरासरी कितीही सुंदर येवो. वारामापक नसेल तर पाणी वाचा. पांढरा फेस सगळीकडे सारखा फुटत असेल तर वारा १२ नॉटच्या वर आणि बऱ्यापैकी एकसंध. मध्येच काळपट पट्टे धावत येऊन विरत असतील तर ते झोत आहेत.

मग काठावरच्या भोई किंवा कोळी बांधवांशी बोला. ॲपला जे कळत नाही ते त्यांना ठाऊक असतं.

"मामा, दुपारचं वारं कुठनं येतंय हितं?"

"ते त्या खिंडीतनं. चारच्या पुढं. पण आभाळ भरलं की उलटं फिरतंय, मग आमी बी होडी वर घेतो."

त्या एका उत्तरात दिशा, वेळ आणि धोका तिन्ही आले. जाळी कुठे लावली आहेत, तरंगत्या बाटल्या आणि थर्माकोलच्या खुणा कुणाच्या, पाणी कधी सोडतात, तेही विचारा. आणि पहिल्या दिवशी होडी घेऊन थांबायला कोणी येईल का, हेही. दिवसाची मजुरी आधी ठरवा, घासाघीस करू नका. तो माणूस तुमची एकमेव बचाव यंत्रणा आहे.

पायरी ७: पहिला दिवस

एकटे जाऊ नका. काईट लॉन्च आणि लँड करायला शिकलेला दुसरा माणूस हवाच. हेल्मेट, तरंगवणारं जॅकेट आणि हार्नेसला (काईट अडकवायच्या कंबरेच्या पट्ट्याला) दोऱ्या कापायची आकड्याची सुरी. गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगतं, त्यामुळे जॅकेटवर काटकसर नको. लॉन्चच्या जागेपासून वाऱ्याखाली निदान शंभर मीटर मोकळं असावं. बघे जमतीलच, पोरं दोऱ्या धरायला धावतील, कारण पतंग म्हटला की हात शिवशिवतात. गावातल्याच एका मोठ्या माणसाला त्यांना लांब बसवायचं काम द्या. तुमच्यापेक्षा त्याचं ऐकतील.

वारा मध्यम असला तरी पहिला अर्धा तास फक्त बॉडी ड्रॅग करा आणि वारा तुम्हाला नेमकं कुठे नेऊन सोडतो ते बघा. नकाशावर आखलेला कोपरा आणि प्रत्यक्षातला कोपरा एकच निघाला तरच बोर्ड हातात घ्या.

दोन गोष्टी दिसल्या की लगेच काईट खाली. पहिली, वावटळ. कोरड्या काठावर धूळ गोल फिरत वर उठताना दिसली तर काईट जमिनीवर सोडून देऊ नका. दोघांनी धरून हवा सोडा आणि वाळूच्या पिशव्या ठेवा. वावटळीत सापडलेली काईट माणसासकट उचलली जाते. दुसरी, वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी क्षितिजावर फुलकोबीसारखा ढग चढत असेल, वारा अचानक पडला असेल आणि मग मातीच्या वासाची थंड झुळूक आली असेल, तर पुढच्या काही मिनिटांत ३०-४० नॉटचा झोत येऊ शकतो, तोही भलत्याच दिशेने. गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. होडी वर घेणारे मामा दिसले की घड्याळ न बघता आवरा.

घरी परतल्यावर वहीत तारीख, वारा, दिशा आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लिहा. पातळी जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो. हंगामात आवर्तनं सुटली की पाणी दोन-तीन आठवड्यांत मीटर-दोन मीटर सहज उतरतं, काठ सरकतो, नवे बुंधे डोकावतात, मोटारी जागा बदलतात. पातळी मीटरभर बदलली असेल तर त्याच जागी जाण्यापूर्वी पायरी चारपासून पुन्हा सुरुवात करा.